पुरुषाची प्रजननक्षमता आणि वीर्यतपासणी : प्रस्तावना

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि मूल झाले नाही, की आपल्याकडे तपासणीची सुरुवात सुनेपासून होते. तिची सोनोग्राफी होते, रक्ताच्या चाचण्या होतात, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहिले जाते, कधी थेट दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी या सगळ्यांपेक्षा स्वस्त असते, तिला सुई लागत नाही आणि भूल द्यावी लागत नाही. तरीही बऱ्याच घरांत तिची पाळी सर्वांत शेवटी येते. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते. जगातील प्रौढांपैकी साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जाहीर केला. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा अर्धा भाग बंद दाराआड राहावा, ही या विषयाकडे वळण्यासाठी पुरेशी निकड आहे.

या पुस्तकाकडे कोण कोणत्या वाटेने येईल ते सांगता येत नाही. कुणाच्या हातात नुकताच आलेला रिपोर्ट असेल, कुणी वैद्यकाचा विद्यार्थी असेल, कुणाला आपल्या मुलाची किंवा भावाची काळजी असेल. कुणी केवळ कुतूहलाने पान उघडले असेल. तुम्ही यांपैकी कुणीही असलात तरी तुमचे स्वागत आहे. विषय संकोचाचा वाटेल हे मी गृहीत धरतो. पण हा संकोच फार जुना आहे आणि त्याला बाजूला सारून काम करणारी माणसेही तितकीच जुनी आहेत. त्यांच्या ओळखीपासून सुरुवात केली तर पुढची वाट सोपी जाते.

1677 मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापड-व्यापारी आंतोनी फान लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली वीर्याचा थेंब ठेवला आणि त्यात शेपटीवाले असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने ते कळवले खरे, पण हा नमुना पापाचरणातून मिळवलेला नाही, वैवाहिक संबंधातला आहे, हेही त्याला लिहावे लागले. विद्वानांना हे ओंगळ वाटले तर पत्र छापू नये, अशी मुभाही त्याने दिली. पुढच्या शतकात इटलीतील स्पालान्झानी याने नर बेडकांना मेणकापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या. मादीने घातलेली अंडी तशीच राहिली, त्यांतून पिले निघाली नाहीत. चड्डीत साचलेला द्रव अंड्यांना लावला तेव्हा मात्र ती फळली. मग त्याने वीर्य कागदातून गाळले. गाळलेल्या द्रवाची फलनशक्ती गेली आणि कागदावर उरलेल्या गाळात ती टिकून राहिली. उत्तर डोळ्यांसमोर होते, तरी ते शेपटीवाले जीव म्हणजे परोपजीवी जंतू आहेत, हे आपले मत त्याने सोडले नाही. शुक्राणूचे केंद्रक अंड्याच्या केंद्रकाशी एकरूप होताना ओस्कार हर्टविग याने समुद्री साळूच्या अंड्यात पाहिले, ते 1876 साल होते. म्हणजे शुक्राणू दिसल्यापासून त्याचे काम कळेपर्यंत दोनशे वर्षे गेली.

आपल्या परंपरेतही हा विषय वर्ज्य नव्हता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दुसरा अध्याय शुक्राच्या दोषांपासूनच सुरू होतो, स्त्रीच्या आर्तवाची चर्चा त्यानंतर येते. गर्भ राहण्यासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज हे चार घटक जुळून यावे लागतात, असे तिथे सांगितले आहे. त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यामुळे ते वर्णन आजच्या रिपोर्टशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. पण दोष दोघांपैकी कुणातही असू शकतो आणि दोघांचाही विचार करायचा असतो, ही समज त्या ग्रंथात आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. अलीकडच्या काळात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. 1927 पासून 1953 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. खटले, दंड, निंदा सोसून लैंगिक आरोग्यावर नेमक्या मराठीत लिहिता येते हे त्यांनी दाखवून दिले. मराठीतून या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण त्यांच्या ऋणात आहे.

प्रयोगशाळेतील गर्भधारणेच्या इतिहासातही मुंबईचे स्थान अभिमानाचे आहे. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या प्रयत्नांतून हर्षा या मुलीचा जन्म झाला. त्याआधी 3 ऑक्टोबर 1978 रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून दुर्गा जन्मली होती, पण त्यांच्या हयातीत त्या कामाला मान्यता मिळाली नाही. मुंबईच्या प्रयोगात सहभागी असलेले डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीच पुढे मुखर्जींची कागदपत्रे अभ्यासली आणि 1997 मध्ये अग्रमान मुखर्जींना दिला. स्वतःकडे असलेला पहिलेपणा असा मोकळ्या मनाने दुसऱ्याच्या हवाली करणे शास्त्राच्या इतिहासात फारसे घडत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे, वीर्यतपासणीकडे येऊ. ही तपासणी दिसायला साधी आहे, पण ती नीट करणे कष्टाचे काम आहे. वाचकांनी ती प्रयोगशाळेत कशी होते हे एकदा जवळून पाहिल्यासारखे समजून घ्यावे, म्हणजे रिपोर्टातील आकड्यांमागे किती हात आणि किती मिनिटे असतात ते कळते.

सॅम्पल देण्यापूर्वी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्यस्खलन झालेले नसावे. पंधरा दिवस थांबलो तर काउंट चांगला येईल अशी काहींची समजूत असते. तसे केल्याने संख्या वाढलेली दिसेल, पण मेलेल्या आणि मंदावलेल्या शुक्राणूंचे प्रमाणही वाढेल. सॅम्पल शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावे. घरून आणायचे असेल तर तासाभरात पोहोचवावे आणि वाटेत ते गार होऊ नये म्हणून डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवावी. साबण, थुंकी, नेहमीचा निरोध यांपैकी काहीही वापरू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सगळे वीर्य डबीत आले पाहिजे. बहुतेक शुक्राणू पहिल्या थेंबांतच असतात. ते सांडले आणि तुम्ही संकोचापोटी सांगितले नाही, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. सांगितलेत तर तंत्रज्ञ तशी नोंद करतो आणि पुन्हा बोलावतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

डबीवर नाव आणि वेळ पडते. वीर्य सुरुवातीला घट्ट, जेलीसारखे असते. साधारण अर्ध्या तासात ते पातळ होते, कधी तासभरही लागतो. तोवर थांबावे लागते. मग वजन करून त्याचे आकारमान काढतात, सामू पाहतात. दहा मायक्रोलिटरचा थेंब काचपट्टीवर ठेवून, वर पातळ काच टाकून सूक्ष्मदर्शकाखाली नेतात. निदान दोनशे शुक्राणू एकेक करून पाहायचे. कोणते पुढे सरकतात, कोणते जागच्या जागी हलतात, कोणते निपचित आहेत, याची नोंद करायची. मग दुसरा थेंब घेऊन तेच सारे पुन्हा करायचे. दोन्ही मोजण्यांत फार फरक आला तर नव्याने सुरुवात करायची. संख्येसाठी न्यूबॉअर चेंबर नावाची चौकटी कोरलेली काच वापरतात. आकार पाहण्यासाठी पट्टी वाळवून रंगवावी लागते.

हे सगळे शिस्तीने केले तर पुष्कळ वेळ जातो. लघवी आणि शौचाच्या तपासणीच्या रांगेत वीर्याचे सॅम्पल ढकलणाऱ्या ठिकाणी एवढा वेळ दिला जात नाही. रिपोर्टमध्ये गती 60, 20, 20 अशी गोल आकड्यांत लिहिलेली दिसली, किती वाजता सॅम्पल घेतले आणि किती वाजता पाहिले याची नोंद नसली, तर त्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये. चार पैसे जास्त गेले तरी वंध्यत्वाच्या तपासण्या रोज करणाऱ्या प्रयोगशाळेतून तपासणी पुन्हा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोगशाळेनेही आपले कर्तव्य ओळखावे. स्वच्छतागृहाला लागून असलेल्या, सतत कुणीतरी दार वाजवणाऱ्या खोलीत पुरुषाला डबी घेऊन पाठवणे आणि जमले नाही तर त्यालाच बोल लावणे हे अमानुष आहे. कडी लागणारी शांत खोली आणि पत्नीला सोबत येण्याची मुभा, एवढ्यानेही फार फरक पडतो.

रिपोर्ट हातात आला की नजर जाते ती कंसातल्या संदर्भमूल्यांकडे. ही मूल्ये कुठून आली ते समजले तर अर्धी भीती ओसरेल. जागतिक आरोग्य संघटनेने वीर्यतपासणीची पुस्तिका प्रथम 1980 मध्ये काढली. सध्याची सहावी आवृत्ती 2021 ची आहे. तिच्यानुसार आकारमान 1.4 मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू, एकूण संख्या 3 कोटी 90 लाख, हालचाल करणारे 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के आणि निर्दोष आकाराचे 4 टक्के, अशा खालच्या मर्यादा आहेत. ज्यांच्या पत्नीला प्रयत्न सुरू केल्यापासून वर्षभरात दिवस गेले, अशा बाप झालेल्या पुरुषांचे आकडे चढत्या क्रमाने मांडले आणि तळातले पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. ती रेघ म्हणजे ही मूल्ये. म्हणजे रेघेखाली असलेले पुरुषही बाप झालेले होते. उलट रेघेच्या वर असूनही मूल न होणारे पुरुष असतात. ‘चार टक्केच नॉर्मल’ हे वाचून पुष्कळ जण हादरतात. पण उरलेले शहाण्णव टक्के निकामी असा त्याचा अर्थ नाही. आकाराचे निकषच इतके कडक आहेत की निरोगी बापांमध्येही हा आकडा कमीच येतो.

दुसरी गोष्ट काळाची. वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, त्यानंतर पक्व होऊन बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस जातात. म्हणून आजचा रिपोर्ट हा गेल्या तीन महिन्यांतल्या शरीराचा रिपोर्ट असतो. दोन महिन्यांपूर्वी डेंग्यूचा किंवा टायफॉईडचा जोराचा ताप येऊन गेला असेल तर काउंट खाली आलेला दिसू शकतो आणि पुढे आपोआप सावरू शकतो. एका रिपोर्टवरून कुणालाही शिक्का मारू नये. रिपोर्टात दोष दिसला तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी तपासणी व्हायलाच हवी.

यापुढचे काम तज्ज्ञाचे, आणि इथे आपल्याकडे एक मोठी उणीव आहे. वर्षानुवर्षे उपचार घेणारे, जाड फाईल बाळगणारे असे पुरुष भेटतात की ज्यांना आजवर कुणीही हात लावून तपासलेलेच नसते. पुरुषवंध्यत्वाचे तज्ज्ञ म्हणजे अँड्रॉलॉजिस्ट. आपल्याकडे ते बहुधा मूळचे युरोलॉजिस्ट असतात आणि या विषयाचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले असतात. ते पुरुषाला उभे करून तपासतात. वृषणांचा आकार वेगवेगळ्या मापांच्या मण्यांच्या माळेशी ताडून पाहतात. शुक्रवाहिनी दोन बोटांत धरून चाचपतात, ती जाड दोऱ्यासारखी कडक लागते. काही पुरुषांमध्ये ती जन्मतःच नसते. वीर्य अगदी थोडे, आम्लधर्मी, शुक्राणू शून्य, आणि बोटांना दोऱ्यासारखे काही लागत नाही, असे चित्र असेल तर निदान महागड्या चाचणीवाचून तिथेच होते. वृषणांत शुक्राणू बनत असतात, फक्त बाहेर यायला वाट नसते. ते सुईने काढून थेट स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी ही पद्धत 1992 मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी यशस्वी करून दाखवली आणि अशा हजारो पुरुषांना स्वतःचे मूल झाले. शुक्रवाहिनीच्या या दोषामागे सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक असू शकते, म्हणून आधी दोघांचीही जनुकीय तपासणी करावी लागते.

‘निल काउंट’ हे शब्द ऐकून माणूस खचतो. तो खचू नये म्हणून एवढे लक्षात ठेवावे की या एका शब्दाखाली कितीतरी वेगळी निदाने दडलेली असतात. कुठे वाट बंद असते, कुठे निर्मितीच थांबलेली असते. मधुमेहामुळे वीर्य उलटे मूत्राशयात जात असेल तर स्खलनानंतरच्या लघवीत शुक्राणू सापडतात. मेंदूतील पियुषिका ग्रंथीची संप्रेरके कमी असतील तर इंजेक्शनांनी, काही महिन्यांच्या चिकाटीनंतर, शुक्राणू तयार होऊ लागतात. काही ठिकाणी मात्र मर्यादाही सांगाव्या लागतात. वाय गुणसूत्राचे विशिष्ट तुकडेच गहाळ असतील तर शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळण्याची आशा नसते. हे आधी कळले तर निष्फळ शस्त्रक्रिया टळते. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, दर शंभर पुरुषांत साधारण पंधरांना असतात आणि त्यांतले बहुतेक बापही होतात. म्हणून सोनोग्राफीत दिसल्या की कापल्या असे चालत नाही. त्या हाताला लागत असतील, रिपोर्टात दोष असेल आणि पत्नीचे वय अनुकूल असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो.

तुमचा व्यवसाय डॉक्टरांना अवश्य सांगा. 1977 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे कीटकनाशके बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या आपापसांतील बोलण्यात एक गोष्ट आली, की बऱ्याच दिवसांत आपल्यापैकी कुणाला मूल झालेले नाही. त्यांनी आग्रह धरून तपासण्या करून घेतल्या. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प होते, काहींच्यात मुळीच नव्हते. मातीतील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी हे रसायन त्याला कारण होते. उंदरांच्या वृषणांवर त्याचा परिणाम होतो हे 1961 मध्येच छापून आले होते. 1979 मध्ये अमेरिकेने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. डॉक्टरांनी शोधण्याआधी कामगारांनी ओळखलेला हा धोका आहे, म्हणून मला ही हकिगत फार मोलाची वाटते. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा शेतकरी, भट्टीपुढे उभा राहणारा बेकरीवाला, वेल्डर यांनी आपले काम किरकोळ समजून वगळू नये. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते.

जिममध्ये जाणाऱ्या तरुणांसाठी एक इशारा मी मुद्दाम इथेच देतो. शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची आणि तत्सम इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती बंद पाडतात. बाहेरून हार्मोन मिळू लागले की मेंदू वृषणांना द्यायचे संदेश थांबवतो. इंजेक्शने सोडल्यावर बहुतेकांची निर्मिती परत येते, पण महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. काउंट वाढवण्यासाठी हीच इंजेक्शने कुणी देऊ केली तर ती घेऊ नका.

एस.टी. स्टँडच्या आणि रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘धातू जाणे’ अशा जाहिराती आपण लहानपणापासून वाचत आलो. वीर्य गेले की शक्ती जाते, या भीतीने शरीर-मन खंगत जाण्याच्या अवस्थेचे वर्णन मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये केले. ती माणसे खरोखर त्रासलेली असतात आणि त्यांना सहानुभूतीनेच समजवावे लागते. पण स्वप्नात वीर्य जाण्याने शुक्राणू संपत नाहीत, आणि संभोगशक्ती चांगली असणे म्हणजे काउंट चांगला असणे नव्हे. दुकानातून मिळणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांबाबतही जपून राहावे. जस्त आणि फॉलिक ॲसिड यांचा अमेरिकेत 2370 जोडप्यांवर अभ्यास झाला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार या गोळ्यांनी ना वीर्याचा दर्जा सुधारला, ना जन्मलेल्या बाळांची संख्या वाढली. अशा उपायांत पैसा जातो तो जातोच, त्याबरोबर पत्नीच्या वयाची मोलाची वर्षेही जातात.

पुढील प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. रिपोर्ट हाती असलेल्या वाचकांनी प्रयोगशाळेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. कर्करोगाचे निदान झालेल्या तरुणांनी, किंवा त्यांच्या नातेवाइकांनी, वीर्य गोठवून ठेवण्याचे प्रकरण आधी वाचावे, कारण केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच ते काम उरकावे लागते. दात्याच्या वीर्याचा विचार करणाऱ्यांनी सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा 2021 चा कायदा समजून घ्यावा. त्यानुसार केंद्राची आणि वीर्यपेढीची नोंदणी सक्तीची आहे, आणि दात्याचे वय 21 ते 55 च्या दरम्यान असावे लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागणे हा तुमचा हक्क आहे.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नसतील, किंवा पत्नीचे वय पस्तीस ओलांडले असेल आणि सहा महिने झाले असतील, तर दोघांनी एकाच वेळी तपासून घ्यावे. पहिल्या भेटीला दोघांनी मिळून जावे. सोबत जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत, चालू औषधांची नावे कागदावर लिहून न्यावीत. लहानपणी वृषण खाली न उतरल्याने किंवा हर्नियामुळे शस्त्रक्रिया झाली होती का, मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजले होते का, हे निघण्यापूर्वी आईला विचारून घ्यावे. या प्रश्नांची उत्तरे बहुधा तिलाच ठाऊक असतात.